गिझरचे बिघाड आणि घ्यायची काळजी

थंडी सुरू झाली की घरोघरी गिझर चालू होतात आणि त्यांचे बिघाडही समोर येतात.

विजेच्या गिझरमध्ये पाणी तापायला वेळ लागतो, आतून तडतड आवाज येतो, तेव्हा बहुधा कॉइलवर क्षारांचा थर साचलेला असतो. बोअरच्या जड पाण्यात तो लवकर धरतो. वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते. म्हणून ठरावीक काळाने टाकी साफ करून घ्या. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी तपासायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजत असते. टाकीच गळू लागली, तर मात्र गिझर बदलणंच बरं.

पाणी उकळून वाफ येत असेल, तर थर्मोस्टॅट बिघडल्याची शंका घ्या आणि गिझर लगेच बंद करा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून तिथे बूच मारू नका; दाब वाढून टाकी फुटू शकते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. २००० वॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग हवंच.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस नकळत बेशुद्ध पडून दगावतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. दुरुस्तीचे चार पैसे वाचवताना घरच्यांचा जीव धोक्यात घालू नका.