शेवंतीची वेणी

मी जबलपूरहून बोलतेय. वडील इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मामा दरवर्षी पुण्याहून दिवाळी अंक पाठवायचा. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला, तेव्हापासून मराठी घरांना देखण्या मुखपृष्ठांची सवयच लागली होती. असंच एक मुखपृष्ठ आईनं देवघराशेजारी चिकटवलं होतं. हातात फुलांची परडी, अंबाड्यावर शेवंतीची वेणी, अशी एक बाई. चित्रकाराच्या सहीचा कोपरा फाटून गेलेला.

गेल्या वर्षी त्या कागदाचे घडीवर तुकडे पडू लागले. आईलाही आता नीट दिसत नाही. म्हणून शाळेनंतर ब्रश न धरलेली मी, बावन्नाव्या वर्षी तेच चित्र काढायला बसले.

भाऊ म्हणाला, “नक्कल करून कुठे चित्रकला येते?” त्याला गोल बाजारातल्या शहीद स्मारकात नेलं. तिथली भित्तिचित्रं ब्योहार राममनोहर सिन्हांची. ते नंदलाल बोसांचे शिष्य. आणि नंदलाल स्वतः तरुणपणी लेडी हेरिंगहॅमबरोबर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत होते. भाऊ गप्प झाला. निदान रविवारपर्यंत.

चौकड्या आखून बाई बऱ्यापैकी उतरली. पोस्टर कलरनं मात्र छळलं. ओला असताना जुळलेला फिका रंग वाळला की गडद व्हायचा. मग प्रत्येक रंग आधी पट्टीवर लावायचा, वाळू द्यायचा, मूळ चित्राशेजारी धरून बघायचा. गालाच्या सावलीत काळा घातला तर बाई आजारी दिसू लागली. गेरूत किंचित निळा मिसळला, तेव्हा कुठे चेहऱ्यावर तरतरी आली.

फुलं सोपी वाटली होती. एकेक पाकळी रेखत तीन रात्री घालवल्या, आणि वेणी कागदी फुलांची दिसायला लागली. भिंग घेऊन मूळ चित्र पाहिलं तर तिथं पाकळ्या नव्हत्याच! पिवळे फटकारे, खाली हिरवट सावली आणि फक्त दोन फुलांना कडा. बाकीची फुलं इतकी वर्षं आम्हीच मनानं पुरी करत होतो. तीन रात्रींच्या कामावर सरळ रंग चढवला. पोस्टर कलर खालचं झाकतो, हे त्याचे उपकार.

आईनं चित्र नाकाजवळ धरून पाहिलं. म्हणाली, “परडीचा हात जाड झालाय गं. वेणी मात्र ताजी आहे.”

सध्या हात बारीक करतेय.