शंभर टक्के निकालाचा फलक
(पालक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी मे महिन्यात पालक माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "सर, आपल्या पेठेत तीन हायस्कुलं आहेत. पोरीला कुठं घालू?" मी विचारतो, "तुम्हाला कोणती बरी वाटते?" उत्तरही ठरलेले: "जिच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक आहे ती."

तो फलक कसा वाचावा, एवढेच आज सांगायचे आहे. ती टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांची असते. शाळेत आलेल्या मुलांची नव्हे. समजा, दोन शाळांत नववीला साठ-साठ मुले आहेत. पहिलीने वीस कच्ची मुले मागे ठेवली. काहींना नापास केले, काहींना दाखला देऊन बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितले. उरलेली ४० बसली, ४० पास झाली. निकाल १०० टक्के! दुसरीने ५७ बसवली, ५१ पास झाली. निकाल सुमारे ८९ टक्के. आता साठांशी हिशेब करा. पहिलीने ४० मुले पार केली, दुसरीने ५१. मग चांगली शाळा कोणती?

बंधूंनो, असा एक दाखला मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. मुलगी गणितात कच्ची होती. वडील हातगाडी ओढत. त्यांनी तो फॉर्म भरलाच नाही. वर्षभरात तिचे लग्न झाले. त्या वर्षीचा आमचा निकाल मात्र उत्तम लागला.

म्हणून शाळेत जा आणि विचारा. नववीच्या पटावर किती मुले होती, दहावीला किती बसली? गणित-इंग्रजीला कायम शिक्षक आहे काय? प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते? मुलींचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे काय? विचारायला संकोच करू नका. मराठी शाळा असो वा उर्दू, दहावीचे बोर्ड एकच आहे आणि हे प्रश्नही दोन्हीकडे तेच आहेत.

शाहू छत्रपतींनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे केले, ते मागे राहिलेल्या मुलांना हात देण्यासाठी. शाळेची परीक्षाही तीच आहे. हुशार मूल कोठेही पास होते. कच्च्या मुलाला जी शाळा सोडत नाही, ती आपली शाळा.

खुदा हाफिज. जय हिंद.