घडवणारे हात आपले

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

यवतमाळचा दुर्गोत्सव साऱ्या विदर्भात नावाजलेला. मूर्ती घडताना पाहत उभं राहणं इथल्या मुलांना नवं नाही. म्हणूनच आज तुमच्यापुढे एका शिल्पकाराचं काम ठेवतो: गणपतराव काशिनाथ म्हात्रे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या चौकाचौकांत पुतळे उभे राहिले, पण ते घडले परक्या हातांनी. राणी व्हिक्टोरियाचा १८७२चा पुतळा मॅथ्यू नोबल यांचा, तर ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा १८७९चा पुतळा जोसेफ बोहम यांचा. मोठा पुतळा हवा, तर तो विलायतेहून मागवायचा, अशी रीतच पडली होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतिकृती समोर ठेवून हात तयार करावा लागे. गणपतराव तिथेच शिकले.

१८९६च्या सुमारास, ऐन तारुण्यात, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. संगमरवर नव्हे, साधं प्लास्टर. नऊवारी नेसून, पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली एक मराठी तरुणी. अंगाचा तोल, लुगड्याच्या चुण्या, चुण्यांआडून जाणवणारी चाल, हे सारं कसब पाश्चात्त्य शिक्षणातून आलेलं. ती तरुणी मात्र आपल्या आळीतली. राजा रविवर्म्यांनी या शिल्पाची वाखाणणी केली आणि इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉर्ज बर्डवुड यांनीही. पुढे मुंबईत न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळा म्हात्र्यांनी केला. अहमदाबादसाठी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा हवा होता, तोही त्यांनीच घडवला. एके काळी जिचा पुतळा समुद्रापलीकडून यायचा, त्या राणीला आता एका मराठी माणसाने आकार दिला.

मित्रांनो, हे केवळ अभिमानाने घडलं नाही. परकी विद्या त्यांनी पुरती आत्मसात केली, तिच्यात कच्चेपणा ठेवला नाही. आणि मग नजर आपल्या माणसांकडे वळवली. यातलं एक जरी सुटलं असतं, तरी ‘मंदिरपथगामिनी’ झाली नसती. नुसतं कसब असतं, तर आणखी एक ग्रीक देवता घडली असती. नुसती आपुलकी असती, तर मूर्तीचा तोलच साधला नसता.

तुम्हीही यंत्रशास्त्र, हिशेब, कायदा, शेतीशास्त्र शिकलात. त्यातलं बरंच दूरदेशी घडलेलं आहे. ते अर्धवट सोडू नका. पण ते वापरताना समोर काय आहे, तेही नीट पाहा: कोरडवाहू कपाशीचं शेत, वणीच्या कोळसा खाणीतला कामगार, कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा. त्यांच्या गरजा पाठ्यपुस्तकात आयत्या मिळणार नाहीत. त्यांच्यात बसून, ऐकून त्या समजून घ्याव्या लागतील.

या जिल्ह्याचे प्रश्न सोडवणारी माणसं बाहेरून यायची वाट आपण फार वर्षं पाहिली. ती माणसं आज या सभागृहात बसली आहेत, असा माझा विश्वास आहे. कामाला लागा. तुमचं मनापासून अभिनंदन.