व्यसनावर उपचार करणाऱ्यांची मंडळे

दारूच्या नादी लागलेल्या माणसाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरची किंवा परिचारिकेची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. बरा होऊन गेलेला रोगी चार महिन्यांनी पुन्हा दाराशी येतो. सहव्यवसायी हसतात, 'या लोकांच्या मागे कशाला लागता?' असे विचारतात. असल्या कामात एकट्याने उमेद टिकविणे कठीण.

लंडनचे डॉ. नॉर्मन कर यांच्या काळी तर हे अधिकच कठीण होते. मद्यासक्ती हा नुसता दुर्गुण नव्हे, अपस्मारासारखा रोग आहे, असे ते सांगत. १८८४ साली त्यांनी या रोगाच्या 'अभ्यासासाठी व उपचारासाठी' मंडळ स्थापिले. स्वतः मद्यपाननिषेधाच्या चळवळीतले असूनही त्यांनी ते अभ्यासाचेच ठेवले, व्याख्यानबाजीचे नव्हे. तीन वर्षांनी मंडळाच्या नावातून 'उपचार' हा शब्द गळला, 'अभ्यास' तेवढा राहिला. जे अजून हाती आलेले नाही त्याची ग्वाही पाटीवर नसावी, हे मला फार योग्य वाटते. मंडळाने प्रारंभापासून आपली इतिवृत्ते छापली. त्यांतूनच वाढलेले नियतकालिक आज 'ॲडिक्शन' या नावाने जगभर वाचले जाते. एकाच्या दवाखान्यातला अनुभव दुसऱ्याने तपासावयाचा, ही सोय त्यामुळे झाली.

मंडळ नसले म्हणजे काय होते, ते अमेरिकेत दिसले. तेथे १८७० सालीच असे मंडळ निघाले होते. पण त्याचे नियतकालिक १९१४ साली बंद पडले आणि पुढे मंडळही मावळले. त्याच १९१४ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली, व्यसनी रोग्यांना अफूची औषधे लिहून देणाऱ्या अनेक डॉक्टरांवर खटले झाले. त्यांच्या बाजूने बोलणारे समर्थ मंडळ उरले नव्हते. अखेर १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. रूथ फॉक्स यांनी मूठभर डॉक्टरांची मोट पुन्हा बांधली. तीच आजची अमेरिकेतील व्यसनवैद्यकाची प्रमुख संस्था होय. परिचारिकांची संस्था तेथे त्यानंतर निराळी निघाली.

आपल्याकडे पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये (स्थापना १९८६) व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही रोग्यांना आधार देण्याचे काम करतात. रोग्याची घसरण पाहताना अशा कार्यकर्त्याला स्वतःचा तोलही सांभाळावा लागतो. त्याला सभासद करून घेणारे आणि त्याचेही टिपण छापणारे मंडळ हवे. नुसते पदवीधरांचे नको.