नुरा कुस्तीची तेहतीस वर्षे

लाल मातीच्या फडात ठरवून खेळलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखाच उच्चारला जातो. मल्लांनी आधी संगनमत केले असा नुसता वहीम आला तरी प्रेक्षक हुर्यो उठवितात. इंग्लंडात मात्र हीच नुरा कुस्ती 1955 पासून 1988 पर्यंत दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, आणि लक्षावधी सभ्य गृहस्थ व त्यांच्या वृद्ध माता ती मोठ्या निष्ठेने पाहत राहिल्या.

खऱ्या कुस्तीची एक अडचण असते. 1910 च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची गाठ पडली, तेव्हा झ्बिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमीन धरून पडून राहिला. जाणत्याला त्यातही रस असेल. पण तिकीट काढून आलेल्या लंडनकराने ते किती वेळ पाहावे? 1930 नंतर तेथे जी 'ऑल-इन' कुस्ती रुजली, तिने ही अडचण मुळातूनच दूर केली. निकाल आधी ठरला की मधला वेळ हवा तसा रंगविता येतो. पुढे तिच्यातील धसमुसळेपणा अति झाला, म्हणून 1947 मध्ये ॲडमिरल लॉर्ड माउंटेव्हन्स यांच्या नावाने नियम बांधले गेले. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवावरील मोहिमेत दुय्यम नेतृत्व केलेला हा दर्यावर्दी! ठरलेल्या लढतींना नियम कशाला, असे कोणी विचारील. पण नियम असल्याखेरीज ते मोडणारा खलपुरुष कोठून मिळणार?

ते काम मिक मॅकमॅनसने वर्षानुवर्षे चोख बजावले. काळी चड्डी, काळे केस, पंचाची पाठ वळताच मारलेला ठोसा. त्याला छत्रीने टोचण्यासाठी म्हाताऱ्या बायका रिंगणापर्यंत धावत. 1965 नंतर 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' या कार्यक्रमात शनिवारी चारच्या सुमारास कुस्ती लागे. मग फुटबॉलचे निकाल येत आणि चहाची वेळ होई.

या मल्लांत ब्रायन ग्लोव्हर हा तर शाळामास्तर होता. बार्न्सलीत तो इंग्रजी व फ्रेंच शिकवी, आणि 'पॅरिसचा लिऑन ॲरास' हे नाव घेऊन रिंगणात उतरे. त्या नावाचा मूळ मल्ल एकदा आलाच नाही, म्हणून ते ग्लोव्हरला मिळाले. 1969 च्या 'केस' चित्रपटात त्याने खेळाच्या मास्तरांची भूमिका केली आणि पुढे तो नटच झाला. रिंगणातून रंगभूमीकडे जाताना त्याला फार लांब जावे लागले नसावे.

खेळाला दूरचित्रवाणीने वैभव दिले, आणि त्याची घसरणही तेथेच झाली. शर्ली क्रॅबट्री हा अवाढव्य देहाचा मल्ल 'बिग डॅडी' म्हणून मुलांचा लाडका झाला. लढती जुळविणारा मॅक्स हा त्याचा सख्खा भाऊ. तेव्हा बिग डॅडी का जिंके हे उघडच होते. 1981 मध्ये वेम्ब्लीला जायंट हेस्टॅक्सशी त्याची गाजलेली झुंज तीन मिनिटेही टिकली नाही. डावपेचांत मुरलेले लहान चणीचे मल्ल मागे पडले. 1985 मध्ये जॅकी पालोने पुस्तक लिहून साऱ्या खेळाचे गुपित फोडले. धंद्यातील माणसे त्याच्यावर संतापली. प्रेक्षकांना मात्र त्यात नवे ते काय वाटले असेल?

23 ऑगस्ट 1987 रोजी ग्रेट यार्मथ येथे क्रॅबट्रीने नेहमीप्रमाणे आपला देह मॅल कर्कवर लोटला. हा शेवटचा डाव. यानंतर पडलेल्याने पडून राहायचे असते. कर्क पडून राहिला. तो उठत नाही, हे ध्यानात येण्यास वेळ लागला असल्यास नवल नाही. न उठणे हेच तर त्याचे काम होते. रुग्णालयात नेल्यावर तो मृत असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या हृदयाला गंभीर विकार होता असे चौकशीत आढळले आणि क्रॅबट्रीवर ठपका आला नाही. निकाल ठरलेला असला तरी वजन खरेच होते.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1988 मध्ये, आयटीव्हीचे क्रीडाप्रमुख ग्रेग डाइक यांनी कुस्ती बंद केली. तिची कळा जुनाट झाली, असे त्यांचे मत होते. क्रॅबट्री 1993 पर्यंत खेळत राहिला. समुद्रकाठच्या गावांतील सभागृहांत, कॅमेऱ्यावाचून, लढती पुढेही लागत राहिल्या.