वाडी आणि मधली वर्षे



२८ जुलै १९५४ रोजी नरोली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. १९६१ पर्यंत दादरा-नगरहवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायतीने सांभाळला. दारिद्र्य मात्र सत्तेबरोबर गेले नाही. वारली, धोडिया, कोकणा कुटुंबांची शेती पावसावरची. भात-नागली संपली की मजुरीसाठी घर सोडणे आले. पुढे नरोली-सिल्वासाकडे कारखाने आले, पण डोंगरउतारावरच्या शेतापर्यंत त्यांचा लाभ क्वचितच पोहोचला.

जवळच गुजरातेतील वांसदा तालुक्यात हीच अवस्था होती. तेथे १९८२ मध्ये ‘बाएफ’ या संस्थेने वाडीचा उपक्रम हाती घेतला. गांधीजींबरोबर १९४६ मध्ये उरुळीकांचनला आलेले आणि तेथेच राहिलेले मणिभाई देसाई हे या संस्थेचे संस्थापक. कल्पना साधी होती: कुटुंबाच्या एक एकर हलक्या जमिनीत आंबा-काजूची कलमे, बांधावर सरपण-चाऱ्याची झाडे आणि मधल्या जागेत धान्य-भाजीपाला.

खरी अडचण कलमांची नव्हती, काळाची होती. आंब्याचे उत्पन्न हाती यायला चार-पाच वर्षे लागतात आणि गरिबाला संध्याकाळची भाकर हवी असते. या मधल्या वर्षांत शेतकरी शेतावर टिकावा, यासाठी माती अडवण्याच्या कामाचा मोबदला, आंतरपीक, बचतगट आणि वेळेवर येणारा कार्यकर्ता यांची सांगड घालावी लागते. स्वयंसेवी संस्थेचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच. दप्तर नीटनेटके ठेवणे हा त्याचा सोपा भाग. अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते. उन्हाळ्यात डोक्यावरून आणलेल्या पाण्यावर जगणाऱ्या कलमाला त्याची खबर नसते!

म्हणून अहवालात वाटलेल्या रोपांचा आकडा मोठा दिसला, तरी देणगीदाराने विचारावे ते तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली. २००३-०४ मध्ये नाबार्डने आदिवासी विकास निधी उभारून वाडीचा हा नमुना देशभर नेला. तेव्हापासून तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

वांसद्यात फळे लागल्यावर बाजाराचा प्रश्न आला. एकेकट्याने टोपली घेऊन गेले, तर भाव व्यापारी ठरवणार. तेव्हा उत्पादकांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि काजू सोलण्या-निवडण्याचे काम गावातच होऊ लागले. निर्णय हळूहळू गावकऱ्यांच्या हाती देणे हे संस्थेला कलमे लावण्याहून कठीण जाते.

वाडीला जमीन लागते, ही तिची मर्यादा. ज्याच्याकडे एक एकरही नाही, त्याच्या वाट्याला काजूच्या केंद्रातील मजुरीच येते. हवेलीत असे काही करू पाहणाऱ्यांना या कुटुंबांची यादी आधी करावी लागेल.