युद्धकाळातली बांधकामं आणि टाइपरायटरवरच्या बायका

(ऑकलंडच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की लष्करी बांधकाम आणि टायपिंग यांचा संबंध काय? आपल्यातले निम्मे लोक इंजिनियर आहेत, म्हणून त्यांनाच उलट विचारते. तुमच्या शेवटच्या प्रोजेक्टमध्ये काँक्रीट जास्त होतं की कागद? मी स्वतः एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलरचं काम करते, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. जेमतेम सोळा लाख वस्तीचा हा देश, आणि त्याचं मुख्य सैन्य तेव्हा होतं मध्यपूर्वेत. सरकारची झोप उडाली. मार्चमध्ये जेम्स फ्लेचर या बड्या बांधकाम व्यावसायिकाला संरक्षण बांधकामांचा आयुक्त नेमलं. सुतार, गवंडी, लाकूड, सिमेंट कुठल्या कामावर जायचं हे आता तो ठरवणार. जूनमध्ये अमेरिकन मरीन सैनिक वेलिंग्टनला उतरले. त्यांच्यासाठी पेकाकारिकीला छावण्या, इथे ऑकलंडला कॉर्नवॉल पार्कात अख्खं हॉस्पिटल. फिजीतल्या नांदीच्या विमानतळाचं कामही न्यूझीलंडच्याच पब्लिक वर्क्स खात्याकडे होतं.

वेलिंग्टनला गेलात तर राइट्स हिल जरूर पाहा. डोंगराच्या पोटात सहाशे मीटरहून लांब बोगदे, दारूगोळ्याची कोठारं, इंजिनरूम, आणि वर ९.२ इंची तोफांच्या जागा. तोफा तीन ठरल्या होत्या, बसल्या दोनच. शत्रूवर एकही गोळा सुटला नाही, आणि पुढे साठच्या दशकात त्या भंगार म्हणून जपानला विकल्या गेल्या! असो. मला त्या बोगद्यात उभं राहिल्यावर तोफा दिसत नाहीत, कागद दिसतात. स्पेसिफिकेशन, मालाचं परिमाणपत्रक, पुरवठ्याच्या ऑर्डरी, मजुरांचे हजेरीपट, ओव्हरटाइमचे तक्ते, जमीनमालकांना पत्रं. हे सगळं कुणीतरी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं आणि टाइप केलं. आणि ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा बाई होती.

ज्यांनी टाइपरायटर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाच प्रती हव्या तर पाच कागदांमध्ये चार कार्बन. एक अक्षर चुकलं की प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडायचं. जास्त प्रती हव्या तर मेणकागदाची स्टेन्सिल कापायची, चुकलं तर त्यावर करेक्शन फ्लुइडचा ठिपका देऊन, वाळू देऊन, पुन्हा त्याच जागी ते अक्षर मारायचं. सळयांच्या तक्त्यात ६ चा ९ झाला तर साइटवर चुकीचं लोखंड पोचणार. कागद गुप्त असेल तर प्रतींना क्रमांक, आणि वापरलेले कार्बनसुद्धा नष्ट करायचे, कारण कार्बनवर सगळा मजकूर वाचता येतो. आपण याला आज रिव्हिजन कंट्रोल आणि डेटा सिक्युरिटी म्हणतो, आणि त्याची सर्टिफिकेटं विकतो.

१९४२ पासून इथे मनुष्यबळ नियंत्रणाचे नियम लागू झाले. वयोगटाप्रमाणे बायकांचीही नावनोंदणी झाली आणि त्यांना गरजेच्या कामांवर पाठवता येऊ लागलं. सरकारी कचेऱ्यांत पुरुष कारकुनांच्या खुर्च्यांवर मुली आल्या, पण 'टेम्पररी' म्हणून. पगाराचं गणित त्याच्या आधीच ठरलेलं होतं. १९३६ मध्ये लवाद न्यायालयाने मूळ वेतन ठरवलं: पुरुषाला आठवड्याला ३ पौंड १६ शिलिंग, बाईला १ पौंड १६ शिलिंग. म्हणजे निम्म्याहूनही कमी. युक्तिवाद असा, की पुरुषाला बायको आणि तीन मुलं पोसायची असतात. मग विधवा आईला पोसणाऱ्या टायपिस्टचं काय? ते गणितात बसत नव्हतं. युद्ध संपताना, १९४५ च्या किमान वेतन कायद्यातही पुरुषाला ५ पौंड ५ शिलिंग आणि बाईला ३ पौंड ३ शिलिंग. देश वाचवून झाल्यावरचा हा दर!

आता आपल्या घराजवळची गोष्ट. १९४४-४५ मध्ये व्हांगापराओआला, जिथे आपण पिकनिकला जातो, 'प्रोजेक्ट सील' नावाचे प्रयोग झाले. समुद्रात स्फोट करून शत्रूच्या किनाऱ्यावर त्सुनामी सोडता येईल का, हे पाहायचं होतं. प्रमुख होते ऑकलंडच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे इंजिनियरिंगचे प्राध्यापक थॉमस लीच. सुमारे ३,७०० स्फोट झाले. एका मोठ्या स्फोटाने काम होत नाही, ओळीने बरेच केले तर शक्यता आहे, असं निष्पन्न झालं. कागदपत्रं लोकांसाठी खुली झाली १९९९ मध्ये. १९४४ मध्ये विशीत असलेली मुलगी तोपर्यंत पंचाहत्तरीची झाली होती. अशा कामांवरच्या कचेरीतल्या मुलीने पंचावन्न वर्षं घरी काय सांगायचं? "टायपिंग करायचे", एवढंच. इंजिनियरलाही गप्प बसावं लागलं हे खरं, पण अहवालावर त्याचं नाव तरी असतं. टायपिस्टची खूण म्हणजे पत्राच्या खालच्या कोपऱ्यात, साहेबाच्या आद्याक्षरांनंतर, तिरकी रेघ मारून तिची दोन अक्षरं.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. १९४२ मध्ये हिंदुस्थानात विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर निघाली, तीत कारकुनी आणि टायपिंगची कामं बायकांकडे आली. पुढे दादर-ठाण्याच्या गल्लीगल्लीत शॉर्टहँड-टायपिंगचे क्लास निघाले आणि मुली सरकारी परीक्षेला तीसचा, चाळीसचा स्पीड घेऊन बसू लागल्या. त्या पगारावर भावांची इंजिनियरिंगची शिक्षणं झाली. या खोलीतही असे भाऊ असतील, हात वर करायला सांगत नाही.

इथल्या बायकांनी पुढे काय केलं? १९५६ मध्ये जीन पार्कर या सरकारी खात्यातल्या बाईंनी बढतीचं अपील जिंकलं, तरी त्या जागेचा पुरुषांचा पगार त्यांना नाकारला गेला. त्यावरून चळवळ उठली, आणि १९६० मध्ये सरकारी नोकरीत समान वेतनाचा कायदा झाला. खाजगी क्षेत्रात १९७२ मध्ये. पण एकाच खुर्चीला एकच पगार मिळाला, तरी 'बायकांच्या' खुर्च्यांची किंमत मुळातच कमी लावलेली असते. क्रिस्टिन बार्टलेट या वृद्धसेवेतल्या कामगार बाईंनी कोर्टात नेमका हाच मुद्दा लावून धरला, आणि २०१७ मध्ये त्यातून मोठी पगारवाढ झाली. २०२२ मध्ये हॉस्पिटलांतल्या कारकुनी कर्मचाऱ्यांचा दावा मिटला, म्हणजे आपल्या टायपिस्टच्या थेट वारसदारांचा.

मे २०२५ मध्ये सरकारने तातडीने, सिलेक्ट कमिटीपुढे न नेता कायदा बदलला आणि चालू असलेले ३३ दावे एका फटक्यात बंद झाले. बायकांचं काम मोजायला जगाला शिकवणाऱ्या अर्थतज्ज्ञ मॅरिलिन वेअरिंग यांनी मग वेगवेगळ्या पक्षांच्या माजी महिला खासदारांना बरोबर घेऊन स्वतःच एक लोकसमिती बसवली आणि लोकांच्या साक्षी घेतल्या.

आपल्यातल्या कितीतरी जणी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या, हातात डिग्री असून शाळेच्या किंवा दवाखान्याच्या ऑफिसात लागल्या. आपल्या पार्ट्यांत त्यांच्या कामाला "काही नाही हो, ॲडमिन करते" म्हणतात, आणि बऱ्याचदा त्या स्वतःच म्हणतात. चहानंतर मला त्यांच्याकडून ऐकायचंय: दिवसभरात नेमकं काय काय करता, आणि त्याचे किती मिळतात? इंजिनियरांनी तेवढा वेळ फक्त ऐकावं.